वेगवेगळ्या परंपरांतल्या वादकांनी मिळून नवं वाद्यसंगीत बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न हिंदुस्थानी, पाश्चात्त्य अभिजात, जॅझ, लोकसंगीत अशा निरनिराळ्या तालमीतून आलेले वादक पुन्हापुन्हा विचारतात. सा, सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) आणि शेवट या तीन गोष्टी आधी न ठरवल्यामुळेच बहुतेक बेत फसतात, म्हणून त्यांवर जास्त लिहिलं आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किती जणांनी सुरुवात करावी आणि कोणती वाद्यं जमतात?

तिघांनी किंवा चौघांनी. दोघंच असले की दोघांनाही सतत वाजवत राहावं लागतं, थांबून ऐकायला कुणी उरत नाही. पाचाच्या पुढे गेलं की प्रत्येक बदल समजावण्यातच तालीम संपते. माणसं जमवताना कामं मोजा: एक सुरावट सांभाळणारा, एक लय धरणारा, एक खर्जाचा आधार देणारा.

सुरावटीची दोन वाद्यं घ्यायची असतील तर एक छेडून विरणारं आणि दुसरं सूर लांबवता येणारं घ्या. सतार-चेलो, गिटार-बासरी, सरोद-क्लॅरिनेट या जोड्या सहज बसतात. सतार आणि स्टीलच्या तारांचं गिटार एकाच सप्तकात वाजवली तर कोणता सूर कुणाचा तेच कळत नाही. अशा वेळी एकाने सप्तक बदलावं किंवा दुसऱ्याच्या वेळी गप्प बसावं.

२. पहिल्या तालमीत काय वाजवायचं?

आपापली ठरलेली रचना घेऊन येऊ नका. आलात तर जो आधी वाजवेल त्याच्या मागे बाकीचे साथ करत बसतील, आणि ती सवय पुढे सुटत नाही.

त्यापेक्षा सा ठरवा (प्रश्न ३), तंबोरा किंवा नुसता सा-प लावून ठेवा आणि प्रत्येकाने ८ मात्रांची एकच ओळ कागद न वापरता बाकीच्यांना शिकवावी. दुसऱ्याची ओळ आपल्या वाद्यावर काढताना आपला हात कुठे अडतो ते लगेच दिसतं. सतारीवर एका पडद्यावर खेचून येणारी जागा पियानोवर येतच नाही. पियानोवरची दोन सप्तकांची उडी बासरीवाल्याला श्वास तोडल्याशिवाय जमत नाही. ही अडचणीची ठिकाणं लिहून ठेवा, रचनेचा कच्चा माल त्यांतूनच मिळतो. सगळं फोनवर रेकॉर्ड करा. दोन-अडीच तासांपेक्षा जास्त बसू नका, कारण अनोळखी सूर-ताल ऐकताना कान लवकर थकतात.

३. सा कोणत्या पट्टीत धरायचा? सतारवाला काळी एक म्हणतो, व्हायोलिनवाला डी मागतो.

दोघांचंही बरोबर आहे. काळी एक म्हणजे सी शार्प. त्या पट्टीत सगळे शुद्ध स्वर घेतले तर पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारांपैकी एकही सप्तकात येत नाही. सा डी धरला की चारही तारा कामाला येतात: डी सा, ए पंचम, जी मध्यम, ई रिषभ. वाद्य मोकळं वाजतं आणि बोटांना विसावा मिळतो.

फुंकवाद्यांचं गणित याच्या उलट आहे. ऑल्टो सॅक्सोफोनवाला सी शार्पच्या सासाठी आपल्या वाद्यावरच्या बी फ्लॅटमधून वाजवतो, दोनच फ्लॅट. सा डी झाला की तो बी मेजरमध्ये जातो, पाच शार्प. टेनर सॅक्स, ट्रम्पेट आणि बी फ्लॅट क्लॅरिनेट यांना सी शार्पसाठी ई फ्लॅट (तीन फ्लॅट) आणि डीसाठी ई (चार शार्प) लागतो. म्हणून तारवाद्यं जास्त असतील तर डी आणि फुंकवाद्यं जास्त असतील तर काळी एक, असा साधा नियम धरा. गिटारवाल्याला काळी एक अवघड नाही. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावून तो सीचे आकार वाजवतो.

सतार अर्ध्या स्वराने चढवायला सांगण्यापूर्वी एक आकडा लक्षात ठेवा: अर्ध्या स्वराने चढवलेल्या तारेवरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. बाजाची तार तुटू शकते, तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) पुन्हा लावाव्या लागतात, जवारीचा आवाज बदलतो आणि वाद्य त्याच दिवशी स्थिर राहत नाही. पट्टी बदलायचीच असेल तर आदल्या दिवशी बदला, कायम त्याच पट्टीत वाजवायचं असेल तर तारांची जाडी बदला. अर्ध्या स्वरापलीकडे मागणी करू नका. बासरीवाल्याला वेगळी बासरी लागेल. तबला गट्टे आणि हातोडीने थोडाफार चढतो-उतरतो, पण त्याला ओढूनताणून दोन स्वर वर नेलं तर आस जाते आणि पुडी फाटायची भीती असते; दुसरा, लहान तोंडाचा तबला घेणं हेच शहाणपणाचं. वाद्यंच हलत नसतील तर प्रश्न १४ पहा.

४. सगळ्यांनी ए ४४० हर्ट्झला वाद्य लावलं, तरी पियानोबरोबर गंधार कडवट का लागतो?

कारण पियानोचा गंधार वेगळ्या ठिकाणी आहे. तंबोऱ्यावर ऐकून लावलेला शुद्ध गंधार साच्या सव्वापट कंपनांवर असतो. सा २७७.२ हर्ट्झ असेल तर हा गंधार ३४६.५ वर येतो आणि पियानोचा ३४९.२ वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला पावणेतीन वेळा आवाज हलताना ऐकू येतो. सेंटच्या (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) मापात शुद्ध गंधार पियानोपेक्षा १४, धैवत १६ आणि शुद्ध निषाद १२ सेंट खाली असतो. कोमल गंधार १६ आणि कोमल धैवत १४ सेंट वर. पंचमात फरक फक्त २ सेंटचा, तो कानाला टोचत नाही.

यातूनच उपाय निघतो. पियानो किंवा अ‍ॅकॉर्डियनने आधाराला सा-प, सा-म, रे-प अशा जोड्या धराव्यात आणि गंधार-धैवत सूर हलवता येणाऱ्या वाद्याला सोडून द्यावेत. पियानोला गंधार वाजवायचाच असेल तर तुटक वाजवावा, पेडल धरून लांबवू नये. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये बहुधा प्रत्येक स्वर सेंटमध्ये हलवायची सोय असते. वरचे आकडे तिथे भरता येतात, मात्र मग तो कीबोर्ड फक्त त्याच सासाठी सुरेल राहतो.

अरबी संगीतातल्या रास्त मकामचा (मकाम म्हणजे रागासारखी स्वरचौकट) तिसरा स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या साधारण मध्ये असतो. पियानोला तो स्वरच नाही. तिथे पियानोने तो सूर पूर्ण सोडावा. जवळचा स्वर वाजवून भागवलं तर मकामच उरत नाही.

५. मला स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, त्याला सरगम येत नाही. कागदावर काय लिहायचं?

दोन्ही, एकाखाली एक. वरती मात्रांचे आकडे (१ ते १६), त्याखाली भातखंडे पद्धतीने सरगम, त्याखाली स्टाफ. स्टाफवर कण, मींड (सूर न तोडता सरकत जाणं), गमक असे अलंकार लिहायला जाऊ नका. कागद काळा होतो आणि वाचणारा ते यंत्रासारखं वाजवतो. मुख्य सूर तेवढे लिहा आणि जागा ऐकून शिकवा. स्टाफ सगळ्यांसाठी प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीत लिहा आणि फुंकवाद्यांना त्यांच्या पट्टीत उतरवलेला वेगळा कागद द्या. ‘सा म्हणजे तुझा कोणता सूर’ हा गोंधळ तालमीत सर्वांत जास्त वेळ खातो.

६. रागाखाली कॉर्ड वाजवल्या तर राग मोडतो का?

रागातलेच सूर घेऊन बांधलेली कॉर्डसुद्धा राग मोडू शकते. मोडतं ते साचं स्थान. यमन घ्या. त्यात तीव्र मध्यम असल्यामुळे रे, तीव्र म, ध या तीन स्वरांची मेजर कॉर्ड मिळते. ती वाजली की जॅझ किंवा पाश्चात्त्य संगीत ऐकलेल्या कानाला लगेच पंचमावर उतरावंसं वाटतं. गिटारवाला ती दोनदा-तीनदा वापरतो, बेस पंचमावर जातो आणि चार आवर्तनांत पंचमच सा वाटायला लागतो. सतारवाला मात्र अजून जुन्या सालाच धरून असतो. दोघंही सुरात, तरी एकत्र बेसूर.

उपाय तीन, कमी त्रासापासून सांगतो. पहिला, बेसने खाली सा सोडायचाच नाही. वरच्या कॉर्ड बदलल्या तरी घर हलत नाही. दुसरा, कॉर्डऐवजी दुसरी सुरावट द्या: चेलोने किंवा क्लॅरिनेटने लांब सूर धरत रागाच्या चालीनेच हलायचं. तिसरा, घर हलणार हे मान्य करून ते रचनेतच घ्या. आलाप आणि गत एका सावर, मधला भाग कॉर्डच्या मर्जीने, मग ठरलेल्या मुखड्याने परत. यात मधल्या भागाला रागाचं नाव देऊ नका, म्हणजे वाद मिटतो.

खमाज, काफी, बिलावल या थाटांचे स्वर पाश्चात्त्य मोडशी (ठरावीक सप्तकांशी) जुळतात म्हणून कॉर्डवाल्यांना ते सोपे वाटतात. सप्तक जुळतं, चलन जुळत नाही. ‘काफी म्हणजे डोरियन’ एवढंच सांगून सोडलं तर समोरचा सरळ आरोह-अवरोह वाजवेल. दोन-तीन पकडी (रागाची ओळख पटवणारे स्वरसमूह) वाजवून दाखवा आणि कोणत्या स्वरावर थांबायचं ते सांगा. पंचम नसलेले राग हा वेगळाच पेच आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

७. गिटारवर मींड येत नाही, मग संवाद कसा होणार?

स्लाइड किंवा फ्रेटलेस गिटारवर येते. साध्या गिटारवर तार आडवी खेचून एक-दीड स्वर जातो, पण सतारीसारखा चार-पाच स्वरांचा ओढा नाही. १९७० च्या दशकात जॉन मॅक्लॉफलिन यांनी झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबरच्या ‘शक्ती’ या गटासाठी खास गिटार वापरलं: पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, त्यामुळे तार सहज खेचता येते, आणि मुख्य तारांखाली तिरप्या लावलेल्या तरफा. असं वाद्य हाताशी नसेल तर मींडीची नक्कल करू नका. मींड सतारीने घ्यावी आणि गिटारने तिचा शेवटचा सूर हार्मोनिकने, म्हणजे तारेला हलका स्पर्श करून, उचलावा. हे उत्तर-प्रत्युत्तर नकलेपेक्षा फार सुंदर लागतं.

८. आमची आवर्तनं आणि पाश्चात्त्य वादकांचे बार कसे जुळवायचे?

तीनताल म्हणजे ४/४ चे चार बार, इथपर्यंत सोपं आहे. झपताल ५/४ चे दोन बार म्हणून लिहा आणि बारच्या आत २+३ अशी तुटक रेघ द्या. सात मात्रा आल्या की आधी तुकडे ठरवा: रूपक ३+२+२ असतो, आणि बाहेरच्या वादकाच्या डोक्यात २+२+३ असू शकतं. तसंच ९ चं. तुर्की संगीतात २+२+२+३ अशी मांडणी नेहमीची आहे, ३+३+३ धरून बसलात तर तिसऱ्याच मात्रेपासून वाट चुकते.

रूपकात आणखी एक खोच आहे. त्याची पहिली मात्राच खाली (बिनजोराची) आहे: तीं तीं ना | धी ना | धी ना. ड्रमरचा पाय सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो आणि बेसही तिथेच जोर देतो. खालीचा हलकेपणा गेला की तबलजीचा डग्गा चौथ्या मात्रेवर येतो तेव्हा तो उसना वाटतो. ड्रमरला सांगा: मोठा ढोल १ वर नको, ४ आणि ६ वर, १ वर फक्त झांज. दोन आवर्तनांत फरक ऐकू येतो.

९. तिहाई दुसऱ्या परंपरेतल्या वादकाला कशी शिकवायची? तो दर वेळी एक मात्रा आधीच संपवतो.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तो चुकतो, कारण त्याच्या हिशेबात ओळ बारमध्ये संपते आणि आपली पुढच्या समेवर संपते. तोंडाने मोजून सुरू करा. तीनतालात ५ मात्रांचा तुकडा बिनादमाचा तीनदा घेतला तर १५ मात्रा होतात आणि पंधरावी समेवर पडायला हवी, म्हणून सुरुवात ३ ऱ्या मात्रेवर: ३ ते ७, ८ ते १२, १३ ते सम. दम घ्यायचा असेल तर ३ मात्रांचा तुकडा, मध्ये २ मात्रांचा दम: ५ ते ७, दम, १० ते १२, दम, १५ ते सम.

कागदावर समेसाठी नवा बार काढून त्यात एकच सूर लिहा. वाचून वाजवणाऱ्याला तो बार दिसला की तो आधी थांबत नाही. आणि तिहाई सगळ्यांनी मिळून वाजवू नका. दोघांनी वाजवावी, तिसऱ्याने ठेका धरावा. ठेका थांबला की सम कुठे आहे ते ऐकणाऱ्यालाही कळत नाही.

१०. क्लिक (मेट्रोनोमची टकटक) लावून तालीम करावी का?

ठरलेल्या भागांसाठी करावी, वाढत्या लयीच्या भागासाठी नको. द्रुत गतीकडे जाताना लय आपोआप चढते, त्यात दोष काही नाही. फक्त कुठून कुठपर्यंत चढायची ते बोलून घ्या, उदाहरणार्थ मिनिटाला १२० मात्रांनी सुरू आणि झाल्यावर १६० च्या आसपास. न बोलता चढली की ड्रमर खेचून धरतो, तबलजी पुढे रेटतो आणि दोघांना एकमेकांचा राग येतो.

एकट्याने वाजवण्याच्या भागाची लांबी मिनिटांत ठरवू नका, आवर्तनांत ठरवा. ६० च्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन १६ सेकंदांचं. आठ आवर्तनं म्हणजे दोन मिनिटांहून थोडं जास्त. संपवण्याची खूण सुरांचीच हवी, म्हणजे मुखड्याचे पहिले चार सूर. मान हलवून केलेली खूण डोळे मिटून वाजवणाऱ्याला दिसत नाही.

११. मंचावर सतार ऐकूच येत नाही. काय करावं?

आधी मोठं वाद्य लहान करा. ड्रमवर काड्यांऐवजी ब्रश घ्या, सॅक्सोफोनला मंचाच्या एका कडेला बसवा. सतारीचा माइक वाद्यापासून साधारण एक वीत अंतरावर, घोडीच्या आसपास ठेवा. फार जवळ नेला तर नखीचा आवाज येतो, लांब ठेवला तर शेजारचा ड्रम. सतारीच्या तोंडाशी मॉनिटर जोरात लावू नका. तरफा स्वतःच गुंजायला लागतात आणि शिट्टी येते.

डग्गा आणि बेस गिटार एकमेकांना खातात, दोघांचाही जोर खालच्या पट्ट्यात असतो. बेसवाल्याने डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या वेळी सूर तोडावा. हे मिक्सरवर सोडवता येत नाही, वाजवूनच सोडवावं लागतं. बसून वाजवणाऱ्यांना चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा चौथरा द्या, म्हणजे उभ्या वादकांशी नजर मिळते. दिव्यांच्या उष्णतेने कातडी आणि तारा दोन्ही सरकतात, तेव्हा शेवटचं सूर-जुळवणं दिवे लागून थोडा वेळ गेल्यावरच करा.

१२. आम्ही वेगवेगळ्या देशांत आहोत. इंटरनेटवरून एकत्र वाजवता येईल का?

जवळच्या शहरांत येईल, खंड ओलांडून लयीत येणार नाही. आवाज हवेत २५ मिलिसेकंदांत साडेआठ मीटर जातो. एवढ्या अंतरावर बसलेल्या वादकाबरोबर कसंबसं जमतं, त्यापुढे लय रेंगाळायला लागते. प्रकाशतंतूतून १००० किलोमीटरला एका बाजूने ५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ५००० किलोमीटरवर यंत्रांचा उशीर न धरताही तेवढीच मर्यादा गाठली जाते. वायरचं इंटरनेट वापरा आणि ब्लूटूथ हेडफोन टाळा. लांबच्या अंतरावर आलाप किंवा मुक्त लयीचा भाग मात्र छान होतो, कारण तिथे थोडा उशीर हा श्वासासारखाच वाटतो.

लयीच्या भागासाठी फायली पाठवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच शून्य वेळ, कोणताही इफेक्ट न लावता, आणि सुरुवातीला दहा सेकंद नुसता सा. तो सा नसेल तर समोरचा आपल्या ट्यूनरवर लावतो, आणि तुम्ही कानाने लावलेले असता.

१३. मालकंस घेतला, पण कोणतीही कॉर्ड बसत नाही. चूक कुठे?

चूक नाही, रागच तसा आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य, ग, ध, नी कोमल. उरलेल्या पाच स्वरांतून फक्त दोन तिहेरी कॉर्ड तयार होतात: म-ध-सा ही मायनर आणि ध-सा-ग ही मेजर. दोन्हींत सा आहे, पण तळाशी नाही. पहिलीत तो वरचा सूर आहे, दुसरीत मधला. म्हणून कॉर्डवाल्याने काहीही वाजवलं तरी घर मध्यमाकडे किंवा धैवताकडे सरकतं. आधाराला सा-म धरा, तंबोराही मध्यमाचाच लावतात. सा-प लावलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालू राहिला तर पंचम सगळ्या रागावर पडून राहतो. ही चूक नेहमी होते. मारव्यातही पंचम नाही, तिथे तंबोरा निषादाचा लावा.

१४. एखादं वाद्य आमच्या पट्टीत येतच नसेल तर?

मग बाकीच्यांनी त्याच्याकडे जायचं, आणि हे पहिल्या भेटीआधी विचारून घ्यायचं. स्कॉटिश हायलँड बॅगपाइपचा ‘ए’ ४४० वर नसतो, ४७० ते ४८० हर्ट्झच्या दरम्यान, बी फ्लॅटच्या आसपास किंवा त्याहून थोडा चढा असतो. त्याचा आधारसूर पूर्ण वेळ चालू असतो. जपानी गागाकूत ए ४३० चा. इंडोनेशियाच्या गामेलानमध्ये प्रत्येक संचाची स्वतःची लावणी असते, धातूच्या पट्ट्या मैफलीपुरत्या हलवता येत नाहीत, आणि एका संचाची पट्टी दुसऱ्या संचात बसत नाही. तिथे व्हायोलिन, सतार, बासरी यांनी संचातला प्रत्येक सूर रेकॉर्ड करून घरी न्यावा आणि त्यावरच रियाज करावा. सतारीचे पडदे सरकतात, हा इथे मोठाच फायदा.

१५. रचना कुणाच्या नावावर? तबलजीला वाटा मिळतो का?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: रचनेचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क. रेकॉर्डिंगचा मोबदला वाजवणाऱ्या सगळ्यांशी ठरवायचा. रचनेत वाटा त्याला, ज्याने ओळख पटेल असं काही घडवलं. नेहमीचा ठेका धरणं ही साथ झाली. पण त्या तुकड्यासाठी बांधलेली तिहाई, लयीची खास चौकट किंवा तालमीत सुचलेला मधला भाग ही रचनाच आहे, मग ती तबल्यावर झालेली असो की घटमवर. सुरावट म्हणजेच रचना, हा समज तालवाद्यवाल्यांवर अन्याय करतो.

तुकडा पूर्ण झाला त्याच दिवशी एका कागदावर नावं, टक्के आणि तारीख लिहून सगळ्यांनी सही करा. लिहिलं नाही तर पुढे काय धरलं जाईल ते देशागणिक बदलतं. पारंपरिक धून घेतली असेल तर ‘पारंपरिक’ असं लिहा आणि हक्क फक्त आपल्या मांडणीचा सांगा. एखाद्या समाजाची विधीतली धून असेल तर त्या समाजातल्या जाणत्यांना आधी विचारा. कायदा आड येत नसला तरी काही धुना ठरावीक प्रसंगाबाहेर वाजवायच्या नसतात, आणि हे नोटेशनवरून कधीच कळत नाही. ‘नको’ म्हणाले तर ती धून सोडून द्या.